तुमच्यानंतर पंखा कोण बंद करणार

डॉक्टर, तुम्ही गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदा दवाखान्यात आलो तेव्हा तुमच्या खुर्चीत नवे डॉक्टर बसले होते आणि डोक्यावरचा पंखा फुल सोडलेला होता.

माझी पोरगी प्राजू माझ्या मागे होती. तिने पंख्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, पुन्हा पंख्याकडे पाहिलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. तुम्ही गेलात हे तिला ठाऊक होतं. पेपरातली बातमी तिने स्वतः मोठ्याने वाचली होती. पण तुमच्यासोबत त्या खोलीतली शांतताही गेली असेल, हे आम्हा दोघींच्याही मनात आलं नव्हतं.

नवे डॉक्टर वाईट नाहीत. तरुण आहेत, बाहेर पेशंटची रांग होती, त्यात अमरावतीचा मे महिना. "पंखा बंद करता का?" असं मी म्हटलं तर ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, बाहेर आग ओकून राहिली." यात त्यांचं काय चुकलं? त्यांनी कागद चाळले आणि प्राजूला विचारायला सुरुवात केली. झोप कशी आहे, भूक लागते का, मनात नको ते विचार येतात का, कुणी पाळत ठेवतं असं वाटतं का, आणि माझ्याकडे पाहून बोला. सगळं एका दमात. प्राजू एक शब्द बोलली नाही. मग सोबत आलेले तिचे बाबा बोलले. तुम्हाला माहीत आहे, हा माणूस दवाखान्यात कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी नेमकं उघडलं.

"साहेब, गच्चीवर एकटीच बोलत राह्यते. आता तं गेलेल्या डॉक्टरसायबाचा आवाज काढून बोलून राहिली. मले भेव वाटते."

नव्या डॉक्टरांचं पेन थांबलं. मी म्हटलं, "सराव करते ती. बोलायच्या आधी बोलून पाहते, लहानपणापासून." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी चांगली ओळखते. आईच ती, पांघरूण घालणारच. ते शांतपणे म्हणाले की जुना आजार उलटलेला दिसतो, धक्क्याने होतं असं, सोमवारी घेऊन या, काही दिवस भरती ठेवू आणि औषध वाढवू. समोरच्या कागदावर तुमच्याच अक्षरात त्या जुन्या आजाराचं नाव होतं.

आणि हे तुमच्यामुळे झालं, डॉक्टर. गेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. पण आपण दोघं एकमेकांशी गोड बोललो होतो कधी?

पहिल्या भेटीतच तुमचं-माझं वाजलं होतं. प्राजू तेव्हा कॉलेजात नुकतीच जायला लागली होती आणि दिवाळीनंतर तिने जाणं बंद केलं. खोलीत बसायची, जेवायची नाही, झोपायची नाही, आणि संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारत दोन्ही बाजूंनी बोलायची, स्वतःचंही आणि समोर नसलेल्या माणसाचंही. शेजारच्या बाईंनी आमच्याकडे येणं सोडलं. कुणी म्हणालं परतवाड्याकडे एक जाणता आहे, अंगारा आणा. मी शाळेत भूगोल शिकवणारी बाई, मी तिला घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही विचारलं, ती भिंतीकडे पाहून गप्प राहिली. चेहऱ्यावर ना रडू ना हसू. तुम्ही मला बाहेर बोलावलं आणि ज्यात नसलेले आवाज ऐकू येतात त्या मोठ्या आजाराचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "एवढ्या लवकर?" तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुमी वर्गात पोराईले असंच उलट विचारू देता का?"

गोळ्या सुरू झाल्या. एक गोष्ट मी आधीच स्पष्ट करते, कारण माझं बोलणं ऐकून लोक उठसूट औषधं फेकायला निघतात. प्राजू तेव्हा खरंच आजारी होती. तिला जगण्याचाच वीट आला होता आणि तसं ती सरळ म्हणायची, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सरळ. तुमच्या औषधाने तिला झोप लागली. पोरगी वाचली ती तुमच्यामुळे, हे मी देवासमोरही सांगेन. पण झोपेबरोबर दुसरंही आलं. हात थरथरायला लागले. तोंडातून लाळ. पोहे तिच्या इतक्या आवडीचे, पण घास घेऊन ती नुसती बसून राहायची. गच्चीवरचं बोलणं थांबलं, तर सगळे खूश. मी एकटी खूश नव्हते. ती गप्प झाली होती, बरी झाली नव्हती.

मी भांडत राहिले. तुम्ही मला समजावत राहिलात. पण तुमच्यातली एक गोष्ट मला तेव्हापासून आवडायची. मी तावातावाने बोलत असताना तुम्ही घड्याळाकडे पाहत नव्हता.

मग तो दिवस आला. उशीर तुमचाच झाला होता, अकोल्याहून येणारी तुमची गाडी बडनेऱ्याआधी थांबून राहिली होती. बाहेर बाकावर आम्ही बसलो होतो. औषध तुम्ही थोडं कमी केलं होतं आणि प्राजू पुन्हा पुटपुटायला लागली होती. तुम्ही मागच्या दाराने आत आलात आणि अर्ध्या दारामागे उभे राहिलात. मला तुमचे फक्त बूट दिसत होते. प्राजू भिंतीकडे तोंड करून म्हणत होती, "काय म्हंते प्राजू? झोप येऊन राहिली का?" मग स्वतःच्या आवाजात, "हो, झोप लागते." पुन्हा तुमच्या आवाजात, "जेवण कसं आहे?" मग तिचं, "जेवते, पण घास गिळायला वेळ लागतो. हे सांगायचं राहून जातं."

आमच्या घरी सगळे अस्सल वऱ्हाडी, पण ही पोरगी पहिल्यापासून पुस्तकातलं मराठी बोलते. त्यामुळे वऱ्हाडी वाक्य आलं की ते दुसऱ्याचं, हे मला सहज कळायचं. त्या दिवशी ते तुम्हालाही कळलं. तुम्ही तुमचंच बोलणं ऐकत होता. ते बूट बराच वेळ हलले नाहीत.

आत गेल्यावर तुम्ही नेहमीचं काही विचारलं नाही. म्हणालात, "प्राजू, घास गिळाले वेळ लागते का?" तिने पहिल्यांदा तुमच्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, शर्टाच्या खिशाकडे, पण तुमच्याकडे. "हो," ती म्हणाली. "आणि हा पंखा खटखट वाजतो, त्यामुळे तुमचे शब्द तुटतात." तुम्ही उठलात आणि पंखा बंद केलात.

एवढंच झालं. पण त्या खटक्यानंतर माझ्या मुलीने तुम्हाला जेवढं सांगितलं तेवढं तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं. कॉलेजातला गोंगाट, ट्यूबलाइटची घरघर, मैत्रिणी हसतात तेव्हा का हसतात ते न कळणं, घरी येऊन अंग गळून जाणं. मी कोपऱ्यात बसून रडत होते आणि तुमच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

तुम्ही नंतर वाचलंत, मुंबईला कुणाला तरी विचारलंत, आणि एके दिवशी मला म्हणालात की हा ऑटिझम आहे, स्वमग्नता म्हणतात मराठीत. प्राजूने लगेच हरकत घेतली. "हा शब्द चुकीचा आहे. मी स्वतःत मग्न नाही. मला बाहेरचंच सगळं जास्त ऐकू येतं." तुम्ही इतके हसलात की कंपाउंडर डोकावून गेले. त्यानंतर तो शब्द तुम्ही माझ्यासमोर कधी वापरला नाही.

औषधं तुम्ही हळूहळू खाली आणलीत. सगळी बंद केली नाहीत, कारण तिच्या भीतीला आणि उदासीला औषध लागतच होतं. मला तुमचं हेच पटलं. लोकांना वाटतं, मेंदूची ठेवणच वेगळी आहे म्हणजे आजार नाही, आजार नाही म्हणजे उपचार नकोत. अहो, वेगळ्या ठेवणीच्या माणसाला दुःख होत नाही का? उलट अशांना ते जास्त भोगावं लागतं, कारण सांगायला गेलं तर समोरच्याला समजत नाही. आमच्या दर्यापूरकडे खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर जमीन बिघडते, म्हणून कुणी देत नाही. पण म्हणून ती जमीन पडीक टाकत नाहीत, ओलीवर हरभरा घेतातच. मी हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुमचा भूगोल संपत नाई बावा." पण पुढच्या वेळी एका दुसऱ्या आईला तुम्ही तेच खारपाणाचं उदाहरण देताना मी बाहेरून ऐकलं.

आणि तुम्ही पेपर फोडायचे. ही तुमची पद्धत मला आधी अजिबात मानवली नव्हती. भेट संपताना तुम्ही प्राजूला सांगायचे, पुढच्या शुक्रवारी मी झोपेचं विचारीन, मामाच्या दुकानातल्या कामाचं विचारीन, आणि एखादी भीती वाटली असेल तर ती विचारीन. घरी जाऊन विचार करजो. मी शिक्षिका, मला राहवलं नाही. "पेपर आधीच फोडल्यावर कसली परीक्षा?" तुम्ही म्हणालात, "परीक्षा नाई, म्हणून तं फोडतो." ती आठवडाभर गच्चीवर तयारी करायची आणि शुक्रवारी येऊन तुम्हाला मनातलं खरं खरं सांगायची. दुसऱ्या डॉक्टरांना उपचार करायला पेशंटच्या मनातलं कळावं लागतं आणि ते दोन मिनिटांत, पंख्याखाली, डोळ्यात डोळे घालून हवं असतं. हाड मोडलं तर फोटो काढता येतो. तुमच्या धंद्यात सगळी तपासणी बोलण्याची आणि चेहऱ्याची. ज्याचा चेहराच वेगळं बोलतो त्याची तपासणीच चुकणार, मग औषध कुठून बरोबर येणार? हे माझं वाक्य नाही. हे तुम्हीच मला एका मे महिन्यात, शर्ट पाठीला चिकटलेला असताना सांगितलं होतं.

निघतानाचंही तुम्हीच शिकवलंत. प्राजू बोलून झालं की सरळ उठून चालायला लागायची. तुम्ही म्हणालात, "निघताना येते म्हणायचं, मंग जायचं." पुढच्या शुक्रवारी दारात वळून ती मोठ्याने म्हणाली, "येते." कंपाउंडर दचकले. "दवाखान्यातून येते नाई म्हणत ताई, पुन्हा यायची पाळी येते." तुम्ही म्हणालात, "तिले यायचंच हाय शुक्रवारी, म्हणू द्या." आणि तिला म्हणालात, "ये माय. वाट पाह्यतो आमी." तेव्हापासून हे दोन्हीकडचं वाक्य ठरून गेलं. तुमच्याकडून उत्तर आल्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाही.

मग आपलं भांडण कशावरून होतं? त्या नावावरून. तुम्ही सगळं बदललंत, फक्त कागदावरचं जुन्या आजाराचं नाव तेवढं बदललं नाहीत. मी दर खेपेला म्हणायचे, बदला. तुम्ही म्हणायचे, "मॅडम, शिक्का बदलून काय होते? लोकाईले नवा शब्द भेटते चिडवाले. पोरगी मामाच्या मॅचिंग सेंटरमधी कापडाच्या घड्या घालते, पोहे खाते, हासते. तुमाले अजून काय पाह्यजे?" मी म्हणायचे, "मला तुमच्यानंतरचं पाहिजे. उद्या दुसरा डॉक्टर हाच कागद वाचेल." तुम्ही म्हणायचे, "मी कुठं चाललो?"

तुमचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. नवं नाव कळलं की पाहुणे विचारतात, मग तिच्यात काही खास कला आहे का, गणित वगैरे? मी सांगते, नाही, तिला पोहे आवडतात. शिक्क्याची भीती मलाही आहे. पण तुम्ही तुमची समज तुमच्याच डोक्यात ठेवलीत, डॉक्टर. माझ्या पोरीपुरते बदललात आणि कुणाला सांगितलं नाहीत. आधी चुकलं होतं, हे लिहून द्यायला तुमचा हात धजावला नाही, असं मला वाटतं. मी हे तुमच्या तोंडावर म्हणणार होते. शब्द तयार होते, शुक्रवारही ठरला होता. तुम्ही गुरुवारी गेलात.

तर सोमवारी भरती ठरली. प्राजूच्या बाबांनी पिशवी काढली आणि त्यात टॉवेल, पेला, तिची ती मऊ झालेली जुनी ओढणी भरून ठेवली. ती पिशवी दाराशी पाहून माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हटलं, "तुम्हाला कळून राहिलं का, तिथे काय होईल? चोवीस तास पंखे, अनोळखी बाया, अनोळखी आवाज. ती कानावर हात ठेवून किंचाळेल, मग ते म्हणतील आजार वाढला, मग अजून औषध. मग तोच घास आणि तीच लाळ." ते एवढंच म्हणाले, "अन् तुयं चुकलं तं?"

संध्याकाळी मी जिन्यात उभी राहून ऐकलं. प्राजू फेऱ्या मारत होती आणि तुमच्या आवाजात परत परत एकच वाक्य म्हणत होती. "ये माय. वाट पाह्यतो आमी. ये माय. वाट पाह्यतो आमी." डॉक्टर, गेलेला माणूस माझ्या पोरीला ये म्हणत होता. सराव आहे, सराव आहे, असं मी मनाला सांगत होते आणि जिन्याचा कठडा घट्ट धरून उभी होते. त्या वेळी माझाही धीर सुटत चालला होता, हे तुम्हालाच सांगते आहे.

रविवारी आम्ही तिघं अकोल्याला तुमच्या घरी भेटायला निघालो. प्राजूनेच हट्ट धरला होता. बाबांचं म्हणणं, अशा अवस्थेत तिला दुःखाच्या घरी नेऊ नये. मी म्हटलं, तिचाही माणूस गेला आहे. बसमध्ये, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, मी तिला रीत समजावली. दुःखाच्या घरी नमस्कार करत नाहीत, चहा मागत नाहीत, आणि निघताना येते म्हणत नाहीत, मुकाट्याने उठायचं.

"का?" तिने विचारलं.

"पुन्हा अशा कामासाठी यायची पाळी येऊ नये म्हणून."

"पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, येते म्हटल्याशिवाय निघायचं नाही."

"तिथे नाही म्हणायचं. आईचं ऐक." ती खिडकीकडे वळली. ऐकलं असेल, असं मी धरून चालले.

तुमच्या बैठकीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. तुमच्या फोटोला हार, खाली समई, आणि खिडकीत कूलर असा घोंघावत होता की शेजारचीचं बोलणं ऐकू येऊ नये. प्राजूचे हात कानांकडे निघाले. बाबा माझ्याकडे पाहायला लागले. मी वहिनींजवळ, तुमच्या पत्नीजवळ, टेकले आणि हळूच म्हटलं, "अमरावतीहून आलो. ही प्राजू." वहिनींनी मान वर केली. आमची त्यांची कधी गाठ नव्हती. त्या तिच्याकडे पाहत राहिल्या आणि मग मागे वळून कुणाला तरी म्हणाल्या, "कूलर बंद करा. शांत होऊ द्या जरा."

त्या उकाड्यात कूलर बंद झाला. सगळ्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. प्राजूने हात खाली घेतले आणि तयार केलेलं बोलली, एकेक शब्द सुटा सुटा. "काकू, डॉक्टर गेले. मला वाईट वाटलं. ते माझ्यासाठी पंखा बंद करायचे. त्यांना खूप घाम यायचा. तरी ते बंद करायचे."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "घरी येऊन हिचं सारं बोलणं सांगत," त्या मला म्हणाल्या. "शुकरवारी शर्ट पिळून काढा लागे. मी म्हणे, काहून एवढा तरास? तं म्हणत, एक पोरगी हाय, तिच्याजोळून शिकून राहिलो."

शिकून राहिलो. तुम्ही घरी म्हणालात हे, डॉक्टर. मला एकदा म्हणाला असता, तर मी जन्मभर पुन्हा भांडले नसते.

आम्ही उठलो. रीतीप्रमाणे कुणी काही बोललं नाही. मी दारापर्यंत आले, चपला पायात सरकवल्या, मागे पाहिलं तर प्राजू उंबऱ्यावर थांबलेली. तिने वळून, भरल्या घरात, स्वच्छ आवाजात म्हटलं, "येते."

खोलीत कुजबुज उठली. एक म्हातारी "अगं बाई, काय हे" म्हणाली. बाबांनी तिचा दंड धरायला हात पुढे केला. प्राजू हलली नाही. तिला उत्तर आल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता आणि उत्तर देणारा फोटोत होता. ती अशीच उभी राहिली तर तिला ओढून न्यावं लागेल, ती किंचाळेल, आणि सोमवारचं सगळं आजच होईल, हे मला समोर दिसत होतं.

वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ये माय. वाट पाह्यतो आमी."

प्राजूने उंबरा ओलांडला.

परतीच्या बसमध्ये तिने आपणहून सांगितलं. "काकू काय म्हणतील ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी गच्चीवर त्यांच्या जागी डॉक्टरांचं वाक्य वापरत होते. पण त्या तेच म्हणाल्या. आता सराव पुरे." असं म्हणून तिने डोळे मिटले. बाबा खिडकीबाहेर पाहत होते. बडनेऱ्यापर्यंत त्यांनी मान वळवली नाही. घरी आल्यावर त्यांनी दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि ओढणी काढून तिच्या उशाशी ठेवली.

सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो ते पिशवी न घेता. पंखा फुल होता. नव्या डॉक्टरांनी पेन उघडलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा उठले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला, साहेबासमोर कधी मान वर न करणारा माणूस. ते भिंतीपाशी गेले आणि पंखा बंद करून जागेवर येऊन बसले.

"आता इचारा साहेब. एकेक इचारा."

नवे डॉक्टर क्षणभर रागावले, ते दिसलं. मग त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं आणि प्राजूला विचारलं, "गच्चीवर तुम्ही काय बोलता?" तिने सांगितलं. सावकाश, सगळं, कूलर आणि काकूंसकट. ते ऐकत होते. सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. "भरती सध्या थांबवू," ते म्हणाले. "औषध आहे तेच राहू द्या. पण मॅडम, यातलं काहीच लिहिलेलं नाही. मला कसं कळणार होतं?" मी म्हटलं, "आता तुम्ही लिहा." त्यांनी लिहिलं. जुनं नाव खोडलं नाही, त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह काढलं आणि खाली बरंच लिहिलं. तुम्हाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही त्यातलं अर्धं त्या पोराने घामाघूम होऊन एका बैठकीत केलं.

"पुढच्या वेळी तुम्ही काय विचारणार?" प्राजूने विचारलं. ते माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "पेपर फोडा, डॉक्टर." त्यांना कळायला वेळ लागला, पण त्यांनी फोडला. मग दारात वळून ती म्हणाली, "येते." ते नुसते "हं" म्हणाले. ती थांबून राहिली. कंपाउंडरांनी मागून हळूच सांगितलं, "साहेब, 'ये' म्हणा." ते म्हणाले, "या." प्राजूने थोडा विचार केला आणि ते चालवून घेतलं.

डॉक्टर, वहिनींसमोर मी रीत पाळली, मुकाट्याने उठले. पण आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आहे आणि ते मी सोडणार नाही, तुम्ही मला ओळखता. तुम्ही लिहून ठेवायला हवं होतं, हे तुमच्या तोंडून कबूल करून घ्यायचं आहे मला. आणि तुम्ही माझी पोरगी वाचवलीत, हे आजवर माझ्या तोंडून सरळ निघालं नाही, तेही म्हणायचं आहे. म्हणून लोक काही म्हणोत, मीही म्हणते. येते. पण घाई करणार नाही. प्राजूसाठी पंखा बंद करणारी माणसं अजून फार थोडी आहेत, ती पुरेशी झाली की मग येईन. तोवर वाट पाहा.